होडीतलं डोहाळजेवण

बाबा मंगळवारी गेले आणि शनिवारी सकाळी मी मित्रमंडळींना भाड्याच्या मोठ्या गाडीत घालून डॉर्सेटच्या किनाऱ्याला निघाले. कुणाला वाटेल, काय बाई आहे! दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं, आणि वर चार शब्द जास्तच म्हटले असते. म्हणून आधी काय झालं ते सांगते.

माझा पासपोर्ट माझ्याजवळ नव्हता. व्हिसाच्या मुदतवाढीच्या अर्जाबरोबर तो पाठवलेला होता आणि कितीही घाई केली तरी आठवड्याच्या आत परत मिळणार नव्हता. बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरहून पुण्याला दादाकडे आले होते. डोळा उत्तम झाला. पट्टी निघाल्यावर त्यांनी दादाच्या घरातली सगळी जळमटं दाखवून दिली म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली, आणि संपलं. दादाचा फोन आला तेव्हा मी रीडिंग गावातल्या माझ्या ऑफिसात, मीटिंगच्या खोलीबाहेर उभी होते. "तुझ्यासाठी थांबायचं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नको. मी येऊ शकत नाही." मग मी आत जाऊन मीटिंगला बसले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

आता प्रश्न असा की सांगायचं कुणाला. रीडिंगमध्ये मला जवळचं माणूस एकच, सुनेत्रा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, हक्काने माझ्या फ्रीजमधलं दही नेणारी. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेलेले. बाबा माझ्याकडे उन्हाळ्यात राहायला आले, तेव्हा मी दिवसभर ऑफिसात आणि ही घरी. दोघांची अशी गट्टी जमली की संध्याकाळी मी घरी यावं तर दोघंही थेम्सच्या काठी बदकांना पाव घालायला गेलेली. ती त्यांना 'नागपूरचे बाबा' म्हणायची. ते तिला "काय करून राहिली बाई?" असं विचारायचे आणि ती हसून लोळायची. म्हणजे बाबांसाठी माझ्याबरोबर रडेल असं सगळ्या इंग्लंडात एकच माणूस होतं.

आणि नेमकं तिलाच सांगता येत नव्हतं. सुनेत्राला सातवा महिना लागला होता. त्याआधी दोनदा सगळं अर्ध्यात संपलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. या वेळी तिचं ब्लडप्रेशर वर जायला लागल्यावर तिच्या नवऱ्याने, परीक्षितने, आम्हा सगळ्यांना एक नियम घालून दिला होता. "हिच्यापर्यंत एकही वाईट बातमी जाता कामा नये. प्रॉमिस करा." तिच्या मामांची बायपास झालेलीसुद्धा तिला ठाऊक नव्हती. मामा तिच्या लेखी केरळला फिरायला गेले होते आणि त्यांना तिथली हवा इतकी मानवली होती की ते परत यायचं नावच घेत नव्हते. आपल्याकडे गरोदर बाईशी सगळं घर असं खोटं बोलतं आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही. मीही प्रॉमिस केलं होतं, म्हणून बाबा डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेलेत हेही तिला सांगितलं नव्हतं.

परीक्षितला एकट्याला सांगितलं असतं, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याचा चेहरा बघून सुनेत्राने तासाभरात त्याच्याकडून वदवून घेतलं असतं. उरले अनुप आणि त्याची बायको अक्षया. अक्षयाला सगळे सणवार, सगळे विधी, सगळ्या शंका आणि सगळ्यांचे उपाय पाठ. मला दहा दिवसांचं सुतक आहे म्हटल्यावर तिने मला गाडीतच घेतलं नसतं. आणि गाडी चालवणारी मी एकटीच होते! परीक्षित इथल्या टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झालेला, अनुपच्या भारतातल्या लायसन्सची इथली वर्षाची मुदत संपलेली. शिवाय सगळी सहल सुनेत्रासाठी ठरलेली. डोहाळजेवण होडीत करायचं असतं, आपल्याकडे पाळण्यात नाहीतर बागेत भागवतात, पण इथे खऱ्या होडीत करूच, ही अक्षयाची कल्पना. वेअरहॅमला नदीवर होड्या भाड्याने मिळतात. आदल्या दिवशी समुद्र बघायचा, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी होडी.

हे सगळं खरं आहे, पण सगळ्यात खरं कारण निराळं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी माझ्या फ्लॅटमध्ये एकटी होते. मला चौथा दिवस तिथे काढायचा नव्हता.

शनिवारी सगळे वेळेवर खाली उभे होते, हाच मोठा चमत्कार. सुनेत्राला मागे मळमळतं म्हणून ती पुढे माझ्या शेजारी बसली.

"कस्तुरी, तुझा वांगीभात कुठाय?" अनुपने बसल्या बसल्या विचारलं. आमच्या प्रत्येक ट्रिपला वांगीभात माझा, हे ठरलेलं.

"नाही केला. क्रिस्प्सची पाकिटं आणलीत."

"क्रिस्प्स?" अक्षया म्हणाली. "आम्ही शुक्रवारी वेम्बलीला जाऊन नारळ, फुलं, खण, सगळं आणलं. मी रात्री पुरणपोळ्या केल्या. आणि तू क्रिस्प्स?"

"ड्रायव्हरकडून आणखी काय अपेक्षा आहे तुझी?" मी म्हटलं आणि गाडी सुरू केली. सुतकात स्वयंपाक करून दुसऱ्यांना घालू नये, एवढं मला माहीत होतं. गाडी चालवावी की नाही, हे कुठल्याच शास्त्रात लिहिलेलं नसावं.

मी सुतकबितक मानत नाही. बाबाही मानत नसत. आजी गेली तेव्हा अकराव्या दिवसापर्यंत दाढी करू नये म्हणून सगळे सांगत होते, तर ते तिसऱ्याच दिवशी न्हाव्याकडे जाऊन आले होते. पण सुनेत्रा मानते. साधं मांजर आडवं गेलं तरी ती दोन पावलं मागे येते. मग मी काय मानते याला काही अर्थ उरत नव्हता.

न्यू फॉरेस्टमध्ये मोकळी घोडी रस्त्यात उभी होती. मागच्यांनी थांबायला लावलं, फोटो काढले. मे महिना, झाडं इतकी हिरवी की डोळ्यांना सोसेना. पुढे कॉर्फचा पडका किल्ला आला. परीक्षित म्हणाला, "आपल्याकडे असता तर आतापर्यंत वर एक देऊळ आणि खाली वडापाव झाला असता." सगळे हसले, मीही हसले. हसता येतं, याचंच मला नवल वाटत होतं आणि थोडी लाजही. भेंड्या सुरू झाल्या. माझ्यावर 'ब' आला आणि मला एकही गाणं आठवेना. "ड्रायव्हरला सूट," सुनेत्रा म्हणाली आणि माझ्याऐवजी तिने गायलं.

स्वानेजला समुद्रासमोरच्या गेस्टहाउसमध्ये दोन जोडप्यांना समुद्राकडच्या खोल्या आणि मला मागची, बॉयलरशेजारची. यात कुणाची चूक नाही, एकट्या माणसाची खोली सगळीकडे मागेच असते. मी पलंगावर बसले तेव्हा दादाचा मेसेज आला होता. अस्थी आणल्या, उद्या आळंदीला जातोय. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. उत्तर काय द्यायचं? 'ओके' लिहिलं. बापाच्या अस्थींना ओके.

खाली बैठकीच्या खोलीत अक्षया पांढऱ्या कार्नेशनच्या फुलांचे दागिने ओवत होती. सुनेत्राच्या मनगटाचं माप घेणं चाललं होतं. "ये ना, तू बाजूबंद कर," सुनेत्रा मला म्हणाली. मी म्हटलं, "माझं डोकं दुखतंय, जरा चालून येते." त्यावर अक्षयाने अनुपकडे पाहिलं. ते मला दिसलं.

समुद्राकाठी अजून उजेड होता. म्हातारी इंग्रज जोडपी बाकांवर एकमेकांशी न बोलता चिप्स खात होती आणि सीगल त्यांच्या पायाशी डोळा ठेवून उभे होते. मी एका रिकाम्या बाकावर बसले. मला मोठ्याने रडायचं होतं, पण शेजारच्या बाकावरची बाई 'लव्हली इव्हनिंग' म्हणाली आणि मीही 'लव्हली' म्हणाले. मला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं की काय गं, काय झालं? इतकी वर्षं एकटी राहिले, ऐटीत राहिले. पण त्या संध्याकाळी मला एकटेपणाचा मनापासून राग आला. आणि माझाही आला, की मी तो इतका नीट सांभाळायला शिकले होते.

रविवारी ऊन छान होतं. वेअरहॅमच्या धक्क्यावर होडीवाल्या गोऱ्या आजोबांनी आमची वरात बघितली आणि टोपी काढली. हिरवीगार पैठणी, त्यावर कार्डिगन, त्यावर फुलांचे हार, आणि सगळ्यांवर केशरी लाइफ जॅकेट! सुनेत्राने जॅकेट काढायचा हट्ट धरला, आजोबांनी ठाम नकार दिला. शेवटी कंबरपट्टा जॅकेटवरूनच बांधला. इतकी हास्यास्पद आणि इतकी सुंदर गरोदर बाई मी आयुष्यात पाहिलेली नाही.

अनुप आणि परीक्षित वल्ही मारायला बसले आणि पहिली दहा मिनिटं होडी जागच्या जागी गोल फिरली. मग कशीबशी सरळ निघाली. दोन्ही काठांवर लव्हाळी, मागे गाई, पाण्यात हंस. एका शांत वळणावर झाडाच्या मुळीला दोरी अडकवून आम्ही थांबलो. अक्षयाने डबे काढले. दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. सुनेत्राने बर्फीची उघडली. "मुलगी!" परीक्षित ओरडला आणि होडी डुलली. पुरणपोळी माझ्याकडे आली तशी मी पुढे सरकवली.

"खात का नाहीस?" अक्षयाने विचारलं.

"गोड नको. डाएट."

"आजसुद्धा?"

मी पाण्याकडे बघितलं. मग तिने सुनेत्राला हळदकुंकू लावलं, ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, सुपारी. सुनेत्राने पदर पसरून धरला होता आणि तिचे डोळे भरून आले होते. दोनदा रिकामी राहिलेली ती ओटी, तिचा अर्थ होडीतल्या सगळ्यांना कळत होता. परीक्षितने चष्मा पुसला.

"आता कस्तुरी," सुनेत्रा म्हणाली.

"अगं, ओटी सवाष्णीने भरायची. मी कुठली सवाष्ण!" मी हसत म्हटलं. हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि मला वाटलं होतं अक्षया लगेच मान डोलावेल.

पण त्या दिवशी अक्षयाही उदार. "तसं काही नसतं गं. मोठी बहीण भरू शकते. इथे आपणच आपले नातेवाईक."

"बघ! शास्त्र पण तयार झालं," सुनेत्रा म्हणाली. "ये ना. मला खरं तर पहिली तूच पाहिजे होतीस."

तिने पदर माझ्याकडे वळवला. तांदळाची वाटी माझ्या हाताशी होती. एक मूठ टाकायची, एवढंच. कुणाला कळणार होतं? पण तिला आज ना उद्या कळलं असतं, बाबा कोणत्या वारी गेले ते. तारखा जुळवायला कितीसा वेळ लागतो? आणि मधल्या काळात, देव न करो, काही झालं असतं, तर जन्मभर तिच्या मनात एकच गोष्ट राहिली असती, की हिने सुतकात माझी ओटी भरली. मला न सांगता. मी मानत नाही, हे तिच्या काय कामाचं?

"मी नाही भरणार," मी म्हटलं.

"का?"

"नाही. मला हे पटत नाही."

"माझ्यासाठी? एकदा?"

"सुनेत्रा, एकदा नाही म्हटलं ना!"

माझा आवाज चढला. काठावरची गाय मान वर करून बघायला लागली. सुनेत्राने पदर हळूहळू आवरला. "बरं," ती म्हणाली. अनुपने दोरी सोडली. परतीच्या वाटेवर वल्ही एकदम छान पडत होती, कारण कुणी बोलतच नव्हतं.

धक्क्यावर आल्यावर सगळे पबच्या अंगणात चहाला बसले. मी गाडी वळवून आणायला गेले आणि किल्ली टेबलावरच राहिली म्हणून परत आले. भिंतीच्या अलीकडून अक्षयाचा आवाज आला.

"बघवत नाही तिला, दुसरं काय! कालपासून बघतेय मी. वांगीभात नाही, फुलं नाही, गोड नाही. एक्केचाळीस वर्षांची झाली, आता तिचं काय राहिलंय? मला कीव येते, पण म्हणून आजच्या दिवशी असं वागायचं?"

"हळू," अनुप म्हणाला.

 मी तिथे उभी राहून वाट बघितली, की सुनेत्रा म्हणेल, 'नाही गं, कस्तुरी तशी नाही.' ती म्हणाली नाही.

एक वाक्य पुरे होतं. माझे बाबा गेलेत. भिंतीला वळसा घालून एवढंच बोलले असते तर अक्षयाचा चहा तिच्या घशात अडकला असता, आणि मला फार, फार बरं वाटलं असतं. मग सुनेत्राकडे बघावं लागलं असतं. मी पुढे गेले, किल्ली उचलली, म्हटलं, "चला, उशीर होतोय."

परत येताना सुनेत्रा मागे बसली. अक्षया पुढे. सगळे झोपेचं सोंग घेऊन पडले होते, नाहीतर खरंच झोपले होते. हायवेवर विंचेस्टरच्या सर्व्हिसेसला थांबलो तेव्हा तिघंजण कॉफी आणायला आत गेले. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. पुढचं दार उघडलं आणि सुनेत्रा पोट सांभाळत शेजारी येऊन बसली. हातातली फुलं कोमेजली होती, पण तिने काढली नव्हती.

"तू ऐकलंस ना मगाशी?" ती म्हणाली.

"काय?"

"अ‍ॅक्टिंग नको. किल्ली न्यायला आलीस तेव्हा तुझा चेहरा बघितला मी. सॉरी. मी बोलायला पाहिजे होतं."

"जाऊ दे."

"नाही, ऐक. मला राग नाही आला, खरंच. मला कळतं." तिने माझा हात हातात घेतला. "दुसऱ्यांदा झालं ना माझं, त्यानंतर नीनाचं डोहाळजेवण होतं. मी ताप आलाय सांगून घरी बसले. दिवसभर तिला शिव्या दिल्या. नुसत्या मनात नाही, मोठ्याने! मग तुला का नाही वाटणार? तू तर तरीही आलीस. एवढी गाडी चालवलीस माझ्यासाठी."

 ती मला माफ करत होती. माझ्यात नव्हती त्या गोष्टीसाठी, इतक्या प्रेमाने, की नाही म्हणायला मला जागाच उरली नाही.

"हो," मी म्हटलं. "वाटलं तसं थोडं."

"हं." तिने समाधानाने मान हलवली आणि डोळे पुसले. "मग झालं. आता एक काम कर. आज सकाळी आईचा आशीर्वाद घेतला, सासूबाईंचा घेतला. नागपूरचे बाबा राहिले. लाव फोन."

"आत्ता नको. तिकडे रात्र झाली असेल."

"साडेनऊ तर वाजलेत. बातम्या बघत असतील ते. थांब, माझ्या कार्डाने लावते, नंबर पाठ आहे मला." आणि मी काही बोलायच्या आत तिने पर्समधून कॉलिंग कार्ड काढलं, खरवडलेला नंबर दाबला, मग नागपूरचा. स्पीकर नव्हता, म्हणून तिने फोन आमच्या दोघींच्या कानांमध्ये धरला. तिचा गाल माझ्या गालाला लागला.

रिंग वाजायला लागली.

धरमपेठेतल्या आमच्या घराला कुलूप होतं. बाबांनीच लावलेलं, पुण्याला निघताना, दोनदा ओढून बघून. किल्ली शेजारच्या आशाताईंकडे. पडदे सारलेले असणार, पेपरवाल्याला महिनाभर नको म्हणून सांगितलेलं. फोन दिवाणखान्यात, त्यांच्या आरामखुर्चीच्या उजव्या हाताला. त्या बंद, अंधाऱ्या खोलीत तो आता वाजत होता, आणि इथे हॅम्पशायरमध्ये एक मुलगी फुलांचे दागिने घालून ते उचलतील म्हणून हसू तयार ठेवून बसली होती.

"उचलत नाहीयेत," ती म्हणाली. "झोपले असतील का गं?"

"हो," मी म्हटलं. "झोपलेत."

"उद्या करू मग." तिने फोन कानापासून दूर नेला, बंद करायला अंगठा उचलला. मी तिचं मनगट धरलं. फुलं चुरगळली.

"ठेवू नकोस," मी म्हटलं. "अजून थोडा वाजू दे."